पाऊस त्र्यंबकला, पूर रामकुंडावर: नाशिकचे ऋतू घरच्यांसोबत

प्रश्न: मुंबईहून नाशिकला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. आम्ही दोघं नोकरी करतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. ऋतू बदलताना सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं असं फार वाटतं. पण पावसाळ्यात पहिन्याच्या धबधब्यांकडे गेलो तर निम्मा दिवस गाडीत गेला आणि बाकीचं वर्ष मॉलमध्ये. मुलगी म्हणते, आपल्याकडे पुस्तकातल्यासारखी लाल पानं नाहीत, बर्फ नाही, मग बघायचं काय?

उत्तर: मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतरही मुलांना आणि त्यांच्या आईबापांना घेऊन नाशिकच्या आसपास हिंडतो. त्या जोरावर आधी सरळ उत्तर देतो: ठिकाणांची यादी करणं थांबवा. घरापासून चालत जाता येईल असं एक झाड, गंगेवरची (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) एक जागा आणि एक भाजीबाजार, एवढं धरा आणि वर्षभर तिथेच जात राहा. दर वेळी नवीन जागी गेलं की मुलांना जागा दिसते, ऋतू दिसत नाही. जागा तीच राहिली तरच काय बदललं ते कळतं. लांबच्या सहली करू नका असं म्हणत नाही, त्याही खाली सांगतो. पण त्या वर्षातून चार-पाच पुरेत.

झाडापासून सुरुवात करा. गुलमोहर सगळे निवडतात, कारण मे महिन्यात तो दिसतोच. पण तो बाहेरून आणलेला. मी पिंपळ, कडुनिंब किंवा बहावा सुचवीन. तुमच्या मुलीला लाल पानं हवी आहेत ना? पिंपळाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतात आणि लगेच तांबूस, चकचकीत पालवी फुटते. उन्हात ती पालवी बघितली की तिची तक्रार निम्मी संपेल. उरलेली संपवायची असेल तर मार्चमध्ये पेठ-सुरगाण्याच्या बाजूला जा आणि कोसंबाचं झाड शोधा. नवी पालवी इतकी लाल असते की लांबून फुलं आहेत असंच वाटतं.

तिला कारणही सांगा, अकरा वर्षांच्या मुलीला ते नीट समजतं. थंड देशांत झाडं हिवाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात, कारण प्रकाश कमी होतो आणि जमिनीतलं पाणी गोठतं. आपल्याकडे थंडी झाडाला मारत नाही, कोरड मारते. पानातून पाणी उडून जातं, म्हणून पाणी वाचवायला झाड पान टाकतं. त्यामुळे आपली पानगळ शिशिरात, होळीच्या आसपास. तिथे लाल रंग पान जाताना येतो, इथे पान येताना. आणि गंमत अशी, की बरीच झाडं पावसाची वाट न बघता भर उन्हाळ्यातच पालवतात. पाऊस येतो तेव्हा झाड तयार असतं.

दर पौर्णिमेला त्याच जागी उभं राहून झाडाचा एक फोटो घ्या, पाच वर्षांच्या मुलाला खोडाजवळ उभं करून. पौर्णिमा एवढ्यासाठी, की ती आजीच्या लक्षात असते आणि कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. कडुनिंब घेतला तर पाडव्याच्या सकाळी गुळासोबत खायचा पाला त्याचाच काढा, एप्रिलमध्ये खाली पडलेली बारीक पांढरी फुलं वेचा, जूनमध्ये निंबोळ्या. बहाव्याच्या लांब शेंगा मात्र पुढची फुलं आली तरी लटकत असतात. त्या का गळत नाहीत, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

आता पावसाकडे येतो, कारण नाशिकचे ऋतू समजायचे असतील तर पाऊस समजल्याशिवाय गत्यंतर नाही. हा जिल्हा यासाठी अख्ख्या महाराष्ट्रात मला फार सोयीचा वाटतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशे-सहाशे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीवर चढतो, थंड होतो, तिथेच पाणी टाकतो. पूर्वेला उतरताना तो गरम आणि कोरडा होत जातो. पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा तुम्हाला गाडीच्या काचेतून दाखवता येतो. जुलैतल्या एका रविवारी सकाळी इगतपुरी-घोटीकडे जा आणि दुपारी उलट दिशेने सिन्नरकडे या. सकाळी वायपर बंद करता येत नाहीत. भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलात बायका-पुरुष आवणी करत असतात. दुपारी सिन्नरच्या पुढे बाजरी, सोयाबीन, कोरडा वारा, आणि आभाळाकडे बघणारा शेतकरी. एकाच दिवसात, एकाच जिल्ह्यात. सासूबाईंना गाडीतून उतरायचीही गरज नाही.

घरी एक पाऊसमापक ठेवा. सरळ उभ्या बाजूंची, सपाट तळाची काचेची बरणी गच्चीत मोकळ्या जागी ठेवायची, झाडाच्या किंवा टाकीच्या आडोशाला नाही. सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. साडेआठच का? हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच मोजतात, म्हणजे तुमचा आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पडला तर हजार लिटर. हे गणित मुलीकडून करून घ्या आणि मग सोसायटीत टँकर येतो तेव्हा पुन्हा आठवण करून द्या.

याच्याच पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. ऑगस्टमध्ये कधीकधी असं होतं, की तुमच्या बरणीत जेमतेम पाच मिलिमीटर पाणी असतं आणि तरी गंगेला पूर येतो. मुलं चक्रावतात. पाऊस इथे पडलेलाच नसतो. तो त्र्यंबकला, अंबोलीच्या बाजूला पडलेला असतो. ब्रह्मगिरीवरून येणारं पाणी शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरणात साठतं. धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो आणि तो आकडा क्युसेकमध्ये बातम्यांत येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर रिकामे झाले. ते पाणी काही तासांत रामकुंडावर येतं.

तिथे नदीच्या पात्रातच आपलं जुनं मापन उभं आहे: दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. नाशिककर पूर फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, बुडाला, असं सांगतात. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत तो दिसेनासा झाला होता. पावसाळाभर एक वही ठेवा: डावीकडे आपल्या बरणीचा आकडा, मधे धरणाचा विसर्ग, उजवीकडे मारुती कुठपर्यंत. दोन महिन्यांत मुलगी स्वतः सांगेल, की शहरातल्या पावसाचा आणि पुराचा संबंध किती कमी आहे. तेच पाणी पुढे नांदूरमधमेश्वरला आणि तिथून जायकवाडीला जातं, हेही नकाशावर बोट फिरवून दाखवा. मराठवाड्यातल्या कुणाची उन्हाळ्यातली तहान आपल्या श्रावणावर उभी आहे, हे मुलांना लहानपणीच कळलेलं बरं.

पूर बघायला जायचं ते पुलावरून, वरून. घाटाच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही, विसर्ग वाढवणार असल्याची सूचना असेल तर अजिबात नाही, आणि पोलिसांनी अडवलं तर वाद न घालता परत फिरायचं. धबधब्यांबद्दलही माझं मत कडक आहे. दुगारवाडी, पहिने, अंबोली घाट, इथे वरच्या डोंगरात पाऊस झाला की खालचा ओढा बघता बघता फुगतो, आणि तुमच्या डोक्यावर त्या वेळी ऊनही असू शकतं. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन रविवारी दुपारी तिथे जायचं काही कारण नाही. तरीही जायचंच असेल तर दोघांपैकी एकाला रजा मिळेल असा आठवड्यातला दिवस, सकाळी सातला घरून निघून अकराला परतीच्या वाटेवर, आणि पाण्यात पाय नाही.

पावसाळ्यातली खरी गंमत बाजारात असते. गंगेवरचा बुधवारचा बाजार, किंवा पेठ रोड, त्र्यंबक रोडकडून येणाऱ्या बायका जिथे बसतात तो कोपरा. आषाढ-श्रावणात त्यांच्याकडे रानभाज्या असतात: कर्टुली, टाकळा, कुरडू, भारंगी, कवळा. या भाज्या कोणी पेरत नाही, पहिल्या पावसानंतर रानात आपोआप उगवतात आणि प्रत्येकीची मुदत थोडक्या दिवसांची. दर आठवड्याला एक नवी भाजी आणायची आणि कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारायचं. त्या सांगतात, मनापासून सांगतात. टाकळ्याला लसूण जास्त लागतो, पानं कोवळीच घ्यायची. भारंगी कडू, उकळून पाणी टाकल्याशिवाय मुलं तोंडात धरणार नाहीत. शेवळं मिळाली तर एकदा करून बघा, पण त्याला काकड नावाच्या झाडाची फळं किंवा चिंच घालावीच लागते, नाहीतर घसा खाजतो. मुलांना घेऊन स्वतः रानातून भाजी खुडायला मात्र जाऊ नका. सारख्या दिसणाऱ्या पाल्यांत फरक करायला त्या बायकांची नजर लागते. आणि कर्टुल्यांच्या भावावर घासाघीस करू नका. काटेरी झुडपांतून ती शोधत किती फिरावं लागतं ते एकदा त्यांच्याकडून ऐका.

या सगळ्यात सासूबाईंचं काय, असं तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्नात ते आहे. बहुतेक घरांत आजीला सहलीत ‘सांभाळून नेतात’. माझं म्हणणं, पंचांग त्यांच्या हातात द्या. आपल्याकडे पाऊस नक्षत्रांनी मोजतात: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा. एकेक तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांबद्दल ‘पडल्या मघा, नाहीतर ढगाकडं बघा’, आणि शेवटी ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनही दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर, गाढव, उंदीर, हत्ती, घोडा, मेंढा. बेडूक किंवा म्हैस आली तर भरपूर पाऊस, असा समज. विज्ञानाच्या शिक्षकाने हे सांगावं का? जरूर सांगावं, आणि वहीत ताडूनही बघावं. आजीने वाहन वाचायचं, नातवाने त्या प्राण्याचं चित्र काढायचं, नातीने बरणीचे आकडे मांडायचे, आणि नक्षत्र संपल्यावर अंदाज खरा ठरला का ते तिघांनी ठरवायचं. एका वर्षात कुठलाही निष्कर्ष निघणार नाही, हेही मुलीला सांगा. निरीक्षण कसं करायचं ते मात्र ती शिकेल.

तुमचा प्रश्न अगदी वेळेवर आला. सप्टेंबर संपत आलाय, सूर्य हस्तात जातोय, म्हणून लगेच करण्यासारखं सांगतो: भोंडला. पाटावर हत्ती काढतात तो याच हस्त नक्षत्राचा. सासूबाईंना गाणी येत असतील तर सोसायटीतल्या मुलींना एका संध्याकाळी बोलवा, मुलग्यांनाही फेरात घ्या, आणि खिरापत झाकून ठेवून ओळखायला लावा. डबा हलवून, वास घेऊन, आवाज ऐकून ओळखायचा खेळ मुलांना कुठल्याही स्क्रीनपेक्षा जास्त धरून ठेवतो. सासूबाईंनी खुर्चीत बसून गाणी सांगितली तरी चालतं.

याच दिवसांत त्र्यंबक रस्त्याला डोंगरउतार सोनकीने पिवळे झालेले असतात. अंजनेरीचं पठार या काळात फार सुंदर असतं. तेरडा, सीतेची आसवं, आणि जगात फक्त या भागात सापडलेली, अंजनेरीच्याच नावाची कंदीलपुष्पाची एक जातही. पण पठारावर चढायला सासूबाईंना जमणार नाही आणि पाच वर्षांच्या मुलाला परतताना उचलून घ्यावं लागेल. पायथ्याशी, रस्त्याच्या कडेच्या माळावर तासभर बसलात तरी पुष्कळ दिसतं. मुलीला आणि तिच्या वडिलांना हवं तर एखाद्या शनिवारी पहाटे वर पाठवा. वाट सोडू नये, फुलांत आडवं पडून फोटो काढू नयेत. इतकं सांगूनही लोक काढतात.

दसऱ्याच्या पुढे-मागे द्राक्षबागांकडे लक्ष द्या. बाकी सगळं रान हिरवं असताना दिंडोरी, ओझर, निफाडच्या बागा एकदम उघड्या-बोडक्या दिसू लागतात. ती ऑक्टोबर छाटणी. द्राक्षाची वेल आपण वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पुढच्या वर्षीची काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी. म्हणजे या वेलीचे ऋतू माणसाने ठरवलेत. छाटणीपासून द्राक्ष हातात यायला साधारण चार-साडेचार महिने लागतात. ओळखीच्या शेतकऱ्याची एकच बाग धरा आणि तिथे तीनदा जा: छाटणीनंतर लगेच, डिसेंबरात मणी हिरवे आणि कडक असताना, आणि फेब्रुवारीत तोडणीच्या वेळी. घडाला हात लावू नका. मण्यावर पांढुरका मेणासारखा थर असतो तो पुसला गेला की निर्यातीच्या मालाची प्रत उतरते, शिवाय फवारणी कधी झाली हे तुम्हाला माहीत नसतं. खायचं ते शेतकरी देईल ते, धुऊन. डिसेंबर-जानेवारीत सुरगाण्याकडे गेलात तर सापुताऱ्याच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीही मिळते.

नाशिकची थंडी म्हणजे खरं तर निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा जानेवारीत सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्यांत असतो, आणि तो कित्येकदा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री जमिनीतून निसटून जाते. आपण शहरात स्वेटर घालून मिसळ खायला निघतो तेव्हा तिथला बागायतदार पहाटेपासून जागा असतो. थंडीने मण्यांची फुगवण थांबते, पक्व मणी तडकतात. म्हणून तो बागेत शेकोट्या करून धूर करतो, भल्या पहाटे ठिबक चालू करतो. थंडीची ही बाजू मुलांनी बघावी. पेपरातून नाशिक आणि निफाड असे दोन आकडे रोज लिहायचे, बस.

हिवाळ्यातल्या लांबच्या सहलींत पहिला नंबर नांदूरमधमेश्वरचा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधाऱ्यामुळे झालेलं हे पाणथळ, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरलं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक वाटाडे मिळतात, आणि मुख्य म्हणजे वाट सपाट आहे. सासूबाई सावकाश येऊ शकतात, घडीची खुर्ची बरोबर घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सातपर्यंत पोहोचायचं. उशीर झाला तर उन्हात पक्षी लांब जातात आणि माणसं जवळ येतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या हे पाहुणे. जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक, राखी बगळा हे कायमचे. पाच वर्षांच्या मुलाला वीस नावं सांगू नका. चमच्यासारख्या चोचीचा चमचा आणि जांभळी पाणकोंबडी एवढे दोन तो घरी जाऊन काढील. दुर्बीण एक असेल तर भांडणं होतात, दोन न्या. उसाच्या शेतांजवळ पहाटे-संध्याकाळी मुलांना एकटं पुढे सोडू नका, या पट्ट्यात बिबटे आहेत.

भोगी-संक्रांतीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण भोगीची भाजी मुलांकडून निवडून घ्या. ओला हरभरा, घेवडा, वांगी, गाजर, बोरं, तीळ. पौषात शेतात जे जे आहे ते सगळं एका कढईत असतं. बाजरीच्या भाकरीला तीळ लावायचं काम धाकट्याचं. त्याचं बोरन्हाण झालं नसेल तर हे शेवटचं वर्ष समजा, पुढच्या वर्षी तो लाजेल. पतंगांची खरी धूम येवल्याला: तीन दिवस, आसारीवर गुंडाळलेला दोरा, गच्च्यांवर हलगीचा आवाज. नायलॉन मांजा घरात येऊ देऊ नका, त्याने पक्षी आणि दुचाकीवरची माणसं दोन्ही मरतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते. तिच्या आधीच्या दिवसांत भर थंडीत दिंड्या शहरातून जातात. रस्त्याच्या कडेला थांबून चहा वाटायला मुलांना न्या.

फाल्गुनात पळस आणि काटेसावर. पेठ रोडने किंवा हरसूलकडे गेलात तर पान नसलेल्या झाडांवर केशरी-लाल फुलं दिसतील, आणि काटेसावरीवर साळुंक्या, कावळे, शिंजीर यांची झुंबड. त्याच वाटेवर पाड्यांवर मोहाची फुलं पहाटे वेचतात. नाशिकची रंगपंचमी मुंबईकरांनी ऐकलेली नसते: जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकालीन रहाडी आहेत, दगडी हौद. वर्षभर बुजवलेले, त्या दिवशी उघडतात, प्रत्येकीचा रंग ठरलेला. त्यात उडी मारण्याला धप्पा म्हणतात. धाकट्याला गर्दीत नेऊ नका. आदल्या दिवशी रहाड साफ करताना, रंग तयार करताना दुरून दाखवा, ते बघण्यासारखं असतं.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात, कारण उन्हाळ्यात बाहेर पडायचंच नसतं. पारा चाळिशीला टेकतो. हा ऋतू गच्चीचा आणि पुन्हा एकदा आजीचा. किलोभर गव्हाच्या कुरडया घरी करा: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून घालायचा. अर्धा चीक मुलं गूळ-दूध घालून खातील, खाऊ द्या. उरलेल्यावर चिमण्या बसणार नाहीत हे बघायची नोकरी धाकट्याची. मे महिन्यात गंगाघाटावर संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला असते; सासूबाईंना न्या, वाऱ्याला बसता येतं. अक्षय्य तृतीयेला मालेगाव, सटाणा, कळवणकडे आखाजी म्हणतात. तिथे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. ओळखीचं कोणी असेल तर आमंत्रण पदरात पाडून घ्या. मग करवंदं, मग जांभळं. मेअखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे चमकतात, पण शनिवार-रविवारी तिथे गाड्यांचे दिवेच जास्त असतात. जायचं तर मधल्या वारी, हेडलाइट आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून.

राहिला मुलीचा प्रश्न. ती दोनेक महिन्यांत ‘मी येत नाही’ म्हणेल, त्या वयात म्हणतातच. ओढून नेऊ नका. तिच्याकडे वही आणि आकडे ठेवा, कारण ते घरी बसून होतं, आणि मैत्रिणीला बरोबर घ्यायची मुभा द्या. फोनवर बंदी घालण्यापेक्षा झाडाचे फोटो तिच्याच फोनमध्ये काढा. बारा पौर्णिमांचे फोटो एकापाठोपाठ एक लावून बघायचं काम तिला आपोआप सुचेल. तुम्हा दोघांना वेळ नाही हे मला माहीत आहे. महिन्यातला एक रविवार सकाळ, आठवड्यातून एकदा बाजार, रोज पाच मिनिटं बरणी, याच्या पलीकडे काही ठरवू नका. सुरुवात करायची तर या आठवड्यात पंचांग आणा आणि हस्ताचं वाहन कोणतं आहे ते सासूबाईंना वाचायला सांगा. बरणी लगेच लावा; परतीच्या पावसाचे आकडे अजून मिळतील.